सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका! संकरित पिल्लांत नर-मादी ओळखायची कशी?

पंखवेडी (धागाकर्ती)

परवा रात्रीपासून इन्क्युबेटरसमोरून हललेले नाही. २६ अंडी ठेवली होती, १९ पिल्लं बाहेर आली. सगळी ठणठणीत आहेत, चोची आपटत फिरताहेत.

बाप पट्टेरी प्लायमाउथ रॉक. आया पाच रोड आयलंड रेड आणि दोन काळ्या ऑस्ट्रालॉर्प. मी ठिकठिकाणी वाचलं होतं की पट्टेरी आणि लाल यांच्या संकरात पहिल्याच दिवशी नर-मादी कळतात: काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरट ठिपका असला तर नर, डोकं पूर्ण काळं असलं तर मादी. पिल्लं ओली असताना मला वाटलं कवचाखालचा पापुद्रा डोक्याला चिकटलाय. वाळल्यावर पाहिलं तर तो ठिपकाच होता. एकाला होता, दुसऱ्याला होता, करता करता १९च्या १९ पिल्लांना ठिपका आहे.

सगळे नरच निघाले का? माझ्याकडे जागा बेताची आहे, एका कळपात एवढे कोंबडे ठेवणं शक्य नाही. आणि मोठे होऊन एकमेकांना रक्तबंबाळ करतील हे मला बघवणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

खुराडेवाला

अभिनंदन ताई, पहिल्या खेपेला २६ पैकी १९ म्हणजे छानच. घाबरू नका, १९ नर नाहीत. साधारण निम्म्या माद्या असणारच. तुमचा ठिपका खरा आहे, फक्त जोडी उलटी लागली आहे. नेमकं का ते गुणसूत्रवाल्यांनी सांगावं.

झेडडब्ल्यू

सांगतो. थोडं लांबेल, पण हे एकदा नीट बसलं की पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं.

माणसात बाळ मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी हे आई ठरवते. आईने झेड दिला तर नर, डब्ल्यू दिला तर मादी. आता यातून निघणारी गोष्ट लक्षात ठेवा: आईचा झेड फक्त लेकाला मिळतो. लेकीला तिचा एकुलता एक झेड बापाकडून येतो.

पट्ट्यांचं जनुक या झेडवर बसलेलं आहे, आणि ते प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत असली तरी दिसतं. आई पट्टेरी आणि बाप बिनपट्ट्यांचा असेल तर आईचा पट्टेरी झेड सगळ्या लेकांना जातो, लेकींना बापाचा साधा झेड जातो. लेकांच्या डोक्यावर ठिपका येतो, लेकींच्या नाही. तुम्ही वाचलंत ते या जोडीबद्दल.

तुमच्याकडे पट्टेरी बाप आहे. शुद्ध जातीचा असल्याने त्याचे दोन्ही झेड पट्टेरी. तो लेकाला एक देणार, लेकीलाही एक देणार. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यावर ठिपका.

पंखवेडी

हुश्श. मनापासून आभार. म्हणजे कोंबडा पट्टेरी नको, कोंबडी पट्टेरी हवी होती. एवढ्याशा फरकाने सगळं फिरलं!

पण आता या १९ जणांचं काय? काहींचा ठिपका मोठा, पसरलेला आहे, काहींचा बारीक आहे. त्यावरून काही कळेल का?

झेडडब्ल्यू

दुर्दैवाने नाही. ठिपक्याच्या आकारावरून अंदाज बांधतात तो शुद्ध पट्टेरी जातीत. तिथे नराकडे पट्ट्यांच्या दोन प्रती असतात आणि मादीकडे एक. म्हणून नराचा ठिपका मोठा, विस्कटलेला, अंगाचा रंग फिका. मादीचा ठिपका लहान, रेखीव आणि पाय गडद. तुमच्या संकरात लेकाला बापाकडून एक प्रत आणि आईकडून शून्य, लेकीलाही एकच. दोघं बरोबरीत आहेत. ठिपक्यांत जो फरक दिसतोय तो पिल्लागणिक फरक आहे, नर-मादीचा नाही.

सायंतारा

मग पंखावरून बघा ना ताई. माझ्या ओळखीतले एक जण पिल्लाचा पंख पसरून एका नजरेत सांगतात.

हॅचरीतला

पंखाचं मी सांगतो, तेरा वर्षं हेच काम केलंय.

एक दिवसाचं पिल्लू हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि पंख पंख्यासारखा हलकेच उघडा. कडेला पिसांच्या नळ्या दिसतील, दोन ओळींत. खालची ओळ म्हणजे मुख्य उड्डाणपिसं, त्यांच्यावर झाकण घालणारी वरची ओळ. लवकर पिसं येणाऱ्या पिल्लात खालची ओळ स्पष्ट लांब असते, एक लांब एक आखूड असा कंगवा दिसतो. सावकाश पिसं येणाऱ्यात दोन्ही ओळी सारख्या, किंवा वरचीच लांब.

पण हे चिन्ह नर-मादीचं नाहीच, पिसं लवकर येतात की उशिरा याचं आहे. सावकाश पिसं येण्याचं जनुक झेडवर आहे आणि तेही प्रभावी. म्हणून हॅचरीसाठी मुद्दाम अशी जोडी लावलेली असते की आई सावकाश पिसांची आणि बाप लवकर पिसांचा. मग लेक आईवर जातात, लेकी बापावर. पांढऱ्या लेगहॉर्नच्या व्यापारी संकरांत आणि ब्रॉयलरमध्ये हीच रीत चालते. ज्या पिल्लांचे आईबाप असे निवडलेले नाहीत त्यांचा पंख उघडून बघण्याला अर्थ नाही. लोक कुठल्याही कळपातल्या पिल्लांचे पंख बघतात, निम्मी उत्तरं आपोआप बरोबर येतात आणि तेवढीच लक्षात राहतात.

आणि जोडी बरोबर असली तरी बघायचं ते पहिल्या एक-दोन दिवसांत. नंतर नरांची पिसंही वाढतात आणि फरक पुसला जातो.

सायंतारा

हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे पंख काय आणि ठिपका काय, दोन्हींत नियम तोच, आईचा झेड लेकाला.

झेडडब्ल्यू

अगदी बरोबर. सोनेरी-रुपेरीचंही तेच. रुपेरी रंगाचं जनुक झेडवर आणि प्रभावी. रोड आयलंड रेडसारखा सोनेरी गटातला कोंबडा लाईट ससेक्ससारख्या रुपेरी कोंबडीवर लावला की लेक फिकट पिवळसर आणि लेकी तांबूस-बदामी. तपकिरी अंडी देणारे बहुतेक व्यापारी संकर असेच रंगावरून वेगळे करतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई असताना रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश आनुवंशिकी-तज्ज्ञाने सुचवलं की अशा जोड्या लावून नर पहिल्याच दिवशी वेगळे करता येतील. आनुवंशिकीच्या पुस्तकात चौकटींचा तक्ता असतो ना, तो त्याच्याच नावाचा.

मळ्यातली_मैना

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आणि लाल कोंबडा आहे. वरच्या हिशेबाने पांढरी आई, लाल बाप, म्हणजे रंगावरून कळायला हवं. पिल्लं सरसकट पिवळी निघाली, एखाद्याच्या अंगावर एखादा डाग, तोही नरांत आणि माद्यांतही. मग नियम चुकतो का?

झेडडब्ल्यू

नियम चुकत नाही, पांढरा म्हणजे रुपेरी नाही एवढंच. लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा आहे. ते झेडवर नाही, त्यामुळे लेक-लेकी दोघांना मिळतं, आणि ते प्रभावी असल्याने खालचा रंग झाकून टाकतं. त्या पांढऱ्याखाली रुपेरी किंवा पट्टेसुद्धा दडलेले असू शकतात, पण दिसणार नाहीत. जोडी निवडताना 'कोंबडी पांढरी आहे' एवढ्यावर जाऊ नका, जात विचारा.

तसंच गर्द काळ्या रंगाचं. काळ्या पिल्लात सोनेरी-रुपेरीचा फरक पहिल्या दिवशी झाकला जातो. पण पट्ट्यांचा ठिपका काळ्यावरच सर्वांत ठसठशीत दिसतो. म्हणून काळ्या पिल्लांसाठी पट्टे आणि फिक्या पिल्लांसाठी सोनेरी-रुपेरी.

जुनाजाणता

मी लहानपणापासून ऐकत आलोय की टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी. दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरायची, गोल फिरली की मादी. आमच्या घरातली मोठी माणसं हे पूर्ण विश्वासाने करायची. मी पुढे दोन खेपा अंड्यांवर पेन्सिलीने खुणा करून पिल्लं वेगळी वाढवून पाहिली. टोकदार अंड्यांतूनही निम्म्या माद्याच निघाल्या. यामागचं कारण कुणी सांगेल का? मला ते वडीलधाऱ्यांना खोटं पाडायला नकोय, समजून घ्यायचंय.

झेडडब्ल्यू

काका, तुम्ही पेन्सिलीने खुणा केल्यात हे फार आवडलं. कारण असं: बलक अंडाशयातून सुटतो तेव्हाच त्यात झेड जाणार की डब्ल्यू हे ठरून गेलेलं असतं. त्यानंतर अंडनलिकेत त्यावर पांढरं चढतं, पापुद्रे येतात आणि शेवटी जवळपास २० तास कवच चढत राहतं. आकार त्या नलिकेत ठरतो. एकाच कोंबडीची अंडी साधारण एकाच आकाराची असतात ती यामुळेच, आणि तिला लेक-लेकी दोन्ही होतात.

कुणी तापमानाचं विचारण्याआधी तेही सांगतो. मगरी आणि बऱ्याच कासवांत उबवणीच्या उष्णतेवर लिंग ठरतं, कोंबडीत नाही. मशीन गरम-थंड करून माद्या वाढत नाहीत, फक्त गर्भ मरतात.

पंखवेडी

आणि ते मागून बघून ओळखतात ते? व्हिडिओत पाहिलंय, सेकंदात एकेक पिल्लू वेगळं करतात. @हॅचरीतला, ते मला घरी जमेल का?

हॅचरीतला

ताई, कळकळीने सांगतो, नका करू.

ते तंत्र जपानमधलं. मासुई आणि हाशिमोतो यांनी ते अभ्यासून मांडलं, १९३३ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक आलं आणि मग जपानी तज्ज्ञ देशोदेशी जाऊन हे काम करू लागले. पिल्लू डाव्या हातात धरायचं, पोटावर हलका दाब देऊन आधी विष्ठा काढून टाकायची, मग अंगठ्यांनी गुदद्वाराची कड उलटवायची. आतल्या घडीवर मध्यभागी टाचणीच्या डोक्याहून लहान उंचवटा असतो. नराचा उंचवटा गोल, घट्ट, चमकदार असतो, बोटाने हलकेच घासला तरी टिकतो. मादीत तो नसतो किंवा चपटा, मऊ असतो. एवढंच असतं तर कुणीही शिकलं असतं. पण बऱ्याच माद्यांतही लहान उंचवटा उरलेला असतो आणि काही नरांचा चपटा असतो. या मधल्या पिल्लांसाठी हजारो पिल्लं हाताखालून जावी लागतात. मी दोन वर्षं शिकलो तेव्हा कुठे माझ्या उत्तरांवर विश्वास ठेवायला लागले. मुरलेले लोक तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बघतात, ९८ टक्क्यांवर बरोबर असतात, आणि विचारलं की "कसं ओळखलंत?" तर त्यांनाही नीट सांगता येत नाही.

हे सगळं पहिल्या २४ तासांत करायचं. तुमची पिल्लं आता ती वेळ ओलांडून गेली. चुकीचा दाब पडला तर आतडं बाहेर येतं किंवा पोटातला बलक फुटतो. असं मेलेलं पिल्लू माझ्या हातात होतं, शिकताना. ते वजन मला अजून आठवतं.

पंखवेडी

नाही करत. वाट बघते.

खुराडेवाला

वाट बघताना काय बघायचं ते सांगतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तुऱ्यावर लक्ष ठेवा. तुमच्या पिल्लांचा तुरा एकेरी असेल, त्यात नराचा लवकर वर येतो आणि गुलाबी-लाल होतो, गळ्याखालचे लोलकही दिसू लागतात. मादीचा बराच काळ पिवळट, बसका राहतो. पाच-सहा आठवड्यांना बहुतेक कळतील. तरी शंका राहिली तर १०-१२ आठवड्यांना शेपटीच्या पुढे पाठीवरची पिसं बघा. नराची लांब, टोकदार, चकचकीत. तलंगेची, म्हणजे तरुण मादीची, गोल टोकाची. तिथे मग चुकायला जागा नाही. स्वभावावर मात्र जाऊ नका, धीट माद्या आणि भित्रे नर मी खूप पाहिलेत.

फारच घाई असेल तर पिसाच्या मुळावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी होते, पोपटांसाठी लोक करतातच. १९ पिल्लांसाठी मी ती करणार नाही.

पंखवेडी

ठरलं. पुढच्या खेपेला मी रोड आयलंड रेडचा कोंबडा आणतेय, आणि तीन पट्टेरी रॉक व तीन लाईट ससेक्स कोंबड्या. म्हणजे एकाच कोंबड्याखाली काळी पिल्लं ठिपक्यावरून आणि फिकी पिल्लं रंगावरून. कोंबड्या आल्या की लगेच अंडी जमवायला घेते.

जुनाजाणता

थांब पोरी, इथेच लोक फसतात. त्या कोंबड्या आधी कुठल्या तरी कोंबड्याबरोबर होत्या ना? कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. आज नवा कोंबडा सोडला तरी उद्याच्या अंड्याचा बाप जुनाच असू शकतो. तीन आठवडे, जमलं तर चार, अंडी खायला वापर. मग उबवायला जमव. तुझा पट्टेरी कोंबडा त्यांच्याजवळ फिरकू देऊ नकोस.

खुराडेवाला

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि आईनिहाय अंड्यांवर खूण करा. १८व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवाल तेव्हा प्रत्येक गटाची अंडी वेगळ्या जाळीच्या टोपलीत ठेवा, नाहीतर सगळी पिल्लं एकमेकांत मिसळतील आणि कुणाची आई कोण हा प्रश्न पुन्हा उरेल. बाहेर काढल्यावर पायात रंगीत कडी घाला. दर आठवड्याला ती सैल आहे ना बघायचं, पाय भराभर जाडावतो आणि कडी मांसात रुतते.

मळ्यातली_मैना

या संकरातून निघालेले पट्टेरी नर आणि काळ्या माद्या एकमेकांत लावल्या तर पुढची पिल्लंही अशीच ओळखता येतील का? दर वेळी शुद्ध जातीचे आईबाप सांभाळणं अवघड जातं.

झेडडब्ल्यू

नाही. त्या नराकडे एक झेड पट्टेरी, एक साधा. तो निम्म्या लेकांना पट्टे देईल, निम्म्या लेकींनाही. काळ्या आईकडे द्यायला पट्टे नाहीतच. ठिपका असेल, पण त्याचा लिंगाशी संबंध तुटलेला असेल. ही खूण एकाच पिढीची आहे.

पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी खूण हवी असेल तर वेगळा मार्ग आहे. पनेट आणि मायकेल पीझ यांनी केंब्रिजमध्ये कॅम्पाईन आणि पट्टेरी रॉकच्या संकरातून कॅम्बार ही जात घडवली, नंतर तशीच लेगबार आली. त्यात सगळेच पट्टेरी, पण नराकडे दोन प्रती आणि मादीकडे एक, आणि खालचा रंग पट्टेदार तपकिरी. त्यामुळे मादीच्या पाठीवर खारीसारखे गडद पट्टे आणि डोळ्याजवळ काजळाची रेघ दिसते, नर मात्र पुसट, धुतल्यासारखा. तिथे आईबाप आणि पिल्लं एकाच जातीची, तरी दर पिढीला ओळख पटते. मला व्यक्तिशः ही कल्पना फार सुंदर वाटते.

सायंतारा

हे सगळं आधीच करता आलं तर जन्मलेल्या नर पिल्लांचं जे होतं ते टळेल का? मोठ्या अंडी-उद्योगात पहिल्याच दिवशी नर मारून टाकतात हे वाचून मला झोप लागली नव्हती.

हॅचरीतला

मी ते जवळून पाहिलंय. लवकर ओळखता येणं हा त्यावरचा उपाय नाही, उलट त्याचीच सोय झाली. म्हणून आता अंड्यातच ओळखण्याकडे काम चाललंय. कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवातलं संप्रेरक तपासतात, किंवा प्रकाशाने आतल्या पिसांचा रंग बघतात. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी आहे. आपल्यासारख्या घरगुती पाळणाऱ्यांसाठी एवढंच करता येतं की अंडी ठेवण्याआधीच नरांना कोण घेणार हे ठरवून ठेवायचं.

पंखवेडी

आज बरोबर आठ आठवड्यांनी लिहितेय.

आधी जुनी पिल्लं. एक तिसऱ्या दिवशी गेलं, १८ राहिली. खुराडेवाला दादांनी सांगितलं तसंच झालं, सहाव्या आठवड्यात तुऱ्यांनी सांगून टाकलं. १० नर, ८ तलंगा. सर्वांत मोठा ठिपका ज्याचा होता ती मादी निघाली! सात नरांसाठी घरं आधीच शोधून ठेवली होती, तिघे माझ्याकडेच राहतील, वेगळ्या कप्प्यात.

आता नवी खेप. काकांचं ऐकून पूर्ण चार आठवडे थांबले. २१ अंडी, १६ पिल्लं, काल दुपारपर्यंत सगळी बाहेर आली. पट्टेरी आयांच्या टोपलीत ९: पाचांच्या डोक्यावर ठिपका, तिघींचं डोकं कुळकुळीत काळं. ससेक्सच्या टोपलीत ७: तीन लोण्यासारखी फिकी, चार तांबूस. वाळल्यावर शेजारी ठेवली तेव्हा इतका लख्ख फरक होता की मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

फक्त काळ्यांतलं एक राहिलं. त्याच्या पोटाखाली आणि पंखाच्या टोकाला पांढरं आहे आणि कपाळावर चोचीच्या वर चार-पाच पांढरे केस. याला ठिपका म्हणायचं का?

हॅचरीतला

नाही म्हणायचं. काळ्या पिल्लांच्या पोटावर आणि पंखटोकांवर पांढरं असतंच, काहींच्या तोंडाजवळही. आपला ठिपका टाळूवर, मागच्या बाजूला असतो. पिल्लाचं डोकं वरून बघा. तिथे काळं असेल तर ती मादी आहे. तरी मन मानत नसेल तर पायात वेगळ्या रंगाची कडी घाला आणि पंखातली पहिली पिसं फुटू द्या. नराच्या पिसांवर आडवे पट्टे येतील.

पंखवेडी

पांढरी कडी घातली होती. आज बारावा दिवस. पंख उघडून खिडकीशी धरला, पिसं काळीभोर आहेत, एकही पट्टा नाही. पाचही ठिपकेवाल्यांच्या पिसांवर मात्र फिके आडवे पट्टे उमटलेत. म्हणजे काळ्यांत चार लेकी, ससेक्सच्या चार, एकूण आठ. पांढऱ्या कडीवालीला आता हातात घेतलं की ती ओरडत नाही, अंगठ्यावर मान टाकून झोपते.